पाळणाघराच्या दारात गळ्याला मिठी मारून बसलेलं मूल सोडायचं कसं

आमची लेक १९ महिन्यांची असताना पाळणाघरात जायला लागली. बायको सकाळी लवकर निघायची, त्यामुळे सोडायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तिथल्या एका ताईंनी हळू आवाजात सल्ला दिला, "रमली की सटका तुम्ही. कळणारही नाही तिला."

मी सटकलो. तिला खरंच कळलं नाही. कळलं ते दहा मिनिटांनी.

त्यानंतरचे तीन आठवडे मी घरी आंघोळीला गेलो तरी ती बाहेर बसून दार बडवायची. पाळणाघरात तर खेळण्यांकडे ढुंकून बघेना. एक हात कायम माझ्या कॉलरला. तिने अनुभवातून सरळ हिशेब मांडला होता: आपण खेळण्यात रमलो की बाबा गायब होतो, तेव्हा रमायचंच नाही.

धाकट्याच्या वेळी, तो १४ महिन्यांचा असताना, आम्ही सगळं वेगळ्या पद्धतीने केलं. तोही रडला, हे आधीच सांगून टाकतो. चांगले अकरा दिवस रडला. पण घरी त्याचं खाणं-झोपणं विस्कटलं नाही, तो मला चिकटून बसला नाही आणि बाराव्या दिवशी ताईंच्या कडेवरून मला टाटा करताना त्याचं अर्धं लक्ष आत पडलेल्या गाडीकडे होतं. दोन्ही वेळा काय काय केलं, कुठे चुकलो, ते क्रमाने लिहितो आहे.

१. आधी रडणं समजून घ्या

पाच-सहा महिन्यांचं बाळ कुणाच्याही कडेवर हसत जातं. मग अचानक शेजारच्या काकू दिसल्या तरी ओठ काढायला लागतं. लोक म्हणतात लाडावलं. तसं नसतं. साधारण ८ महिन्यांच्या सुमारास बाळाला उमगू लागतं की नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे लहान मुलांसमोर वस्तू झाकून-लपवून तपासलं होतं. म्हणजे बाबा कुठेतरी आहे, हे बाळाला कळलेलं असतं. तो परत कधी येईल हे कळायला मात्र काळाची जाण लागते आणि ती यायला अजून बराच अवकाश असतो. या दोन समजांच्या मधल्या फटीतच सगळी रडारड घडते.

ती बहुतेक मुलांमध्ये १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू ओसरते. नेमक्या याच वयात बरीच मुलं पाळणाघरात जायला लागतात, त्याला इलाज नाही.

तुमच्या गळ्याला मूल घट्ट धरून बसतं, कारण त्याचं तुमच्याशी नातं जुळलेलं असतं. म्हणून 'रडणं बंद करायचं' हे उद्दिष्ट ठेवू नका. रडूनही मुलाला काय माहीत असायला हवं, तर आपण सांगून जातो आणि सांगितल्याप्रमाणे परत येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

२. तारीख ठरवताना

नोकरीवर रुजू व्हायची तारीख आणि पाळणाघराचा पहिला दिवस एकच ठेवू नका. मध्ये किमान दोन आठवडे हवेत, तीन मिळाले तर उत्तम. आम्ही पहिल्या वेळी चार दिवस ठेवले होते आणि चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये बसून घड्याळाकडे बघत होतो.

त्याच काळात दुसरा कुठलाही बदल नको. बाटली सोडवणं, डायपर सोडवणं, वेगळ्या खाटेवर झोपवणं, घर बदलणं, यातलं काहीही महिनाभर अलीकडे किंवा पलीकडे ढकला. मूल आजारातून नुकतंच उठलं असेल तर तारीख पुढे न्या.

३. पाळणाघर बघताना विचारायचे प्रश्न

जागा, स्वच्छता, एका ताईकडे किती मुलं, हे सगळे विचारतातच. आम्ही दुसऱ्या वेळी आणखी काही विचारलं आणि उत्तरांवरून निवड सोपी झाली.

सकाळी दारात मुलाला कोण घेतं? रोज तीच व्यक्ती असते का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. लहान मूल 'पाळणाघरात' रुळत नाही, ते तिथल्या एका माणसाजवळ रुळतं आणि मग त्याच्या आधाराने बाकीचं सगळं आपलंसं करतं. रोज वेगळे हात पुढे येत असतील तर त्याला रोज नव्याने सुरुवात करावी लागते.

सुरुवातीचे दिवस मला आत बसता येईल का? "नाही, पालक आत आले की मुलं जास्त रडतात" असं उत्तर आलं, तर मी तिथून उठेन. मुलं जास्त रडतात हे खरं आहे, पण म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना अनोळखी हातात देऊन दार लावून घेणं पटत नाही.

मूल रडत राहिलं तर तुम्ही काय करता? इथे मी शब्दांकडे कान लावतो. "जवळ घेतो, फिरवतो, खिडकीतून काहीतरी दाखवतो" हे उत्तर वेगळं आणि "थोडा वेळ रडू देतो, दमतात आपोआप" हे वेगळं. शेवटी, किती वेळ थांबलं नाही तर मला फोन कराल? याचं उत्तर मिनिटांत मिळायला हवं.

४. कागद आणि सामान

हे एकदाच आणि नीट करा, म्हणजे दारात वेळ जाणार नाही.

- जन्मदाखल्याची प्रत, मुलाचा आणि दोन्ही पालकांचा फोटो
- लसीकरणाची नोंद
- ॲलर्जी आणि चालू औषधं असतील तर डॉक्टरांच्या सहीचा कागद
- तातडीचे तीन फोन नंबर. तिसरा अशा माणसाचा, जो दुपारी नक्की फोन उचलतो
- मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं त्यांची यादी, फोटोसकट
- बदलायचे कपडे दोन जोड, डायपर, अंथरूण-पांघरूण. प्रत्येकावर नाव
- घरून सवयीची एक मऊ वस्तू

शेवटच्या ओळीबद्दल थोडं जास्त. काही मुलांचं एखादं दुपटं किंवा कापडी ससा असतो, ज्याच्याशिवाय झोप येत नाही. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला या वस्तूंकडे गंभीरपणे पाहायला शिकवलं. आईपासून दूर असताना मूल त्या वस्तूत घर सोबत नेतं. तुमच्या मुलाची अशी वस्तू असेल तर ती न्या आणि धुऊ नका. वास महत्त्वाचा. लेकीचं दुपटं मी पहिल्या दिवसासाठी हौसेने स्वच्छ धुऊन दिलं होतं. तिने हुंगलं आणि फेकून दिलं. अशी वस्तू नसेल तर तुमचा वापरलेला सुती रुमाल चालतो. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर मात्र झोपताना ही वस्तू अंथरुणात ठेवू नका, नाक-तोंड झाकलं जाण्याचा धोका असतो. जागं असताना, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर ठीक.

याशिवाय एका पानावर मुलाची 'भाषा' लिहून द्या. आमच्या मुलाचा 'बू' म्हणजे पाणी. हे ताईंना माहीत नसतं तर तो तहानलेला रडला असता आणि त्यांना वाटलं असतं, घरच्यांची आठवण येते आहे. झोप आली की काय करतो (आमचा कान ओढतो), कसं थोपटलेलं आवडतं, कशाला घाबरतो, हेही त्याच पानावर.

५. घरची तालीम

पहिल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी सुरू करा.

बुवाकुक खेळा, खूप खेळा. चेहरा झाकला, गेला. हात काढले, आला. मूल खदखदून हसतं ते याच धक्क्याला. मग पडद्यामागे लपा, मग दाराआड. लपलेलं माणूस परत येतं, ही गोष्ट मुलाच्या अंगात मुरवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

मग घरातल्या घरात सांगून जा. "बाबा कपडे वाळत घालून येतो." जा, या आणि आल्यावर म्हणा, "आला बाबा." एवढंच. मूल मागे रांगत आलं तर येऊ द्या. रडलं तर लांबून आवाज द्या. सुरुवातीला एक मिनिट, मग पाच. त्यानंतर आजी, मावशी, शेजारी, ज्यांना मूल ओळखतं अशा कुणाजवळ अर्धा तास ठेवून बाहेर पडा. तेव्हाही न सांगता जायचं नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे आधी समजावून ठेवा. "जा जा, मी तिला चिमणी दाखवते, तेवढ्यात निघ" हे प्रेमापोटीच म्हटलं जातं, पण माझ्या लेकीचे तीन आठवडे नेमके यातच गेले.

झोपेची वेळही आत्ताच सरकवा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. सकाळी अर्धवट झोपेतून उचलून नेलेल्या मुलाला कुठलाच निरोप सोपा जात नाही. पाळणाघरात दुपारी किती वाजता झोपवतात ते विचारून घरची दुपारची झोप हळूहळू तिथे आणा.

६. रुळण्याचे दिवस

जर्मनीत पाळणाघरांमध्ये 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखला जाणारा एक क्रम वापरला जातो. आम्ही धाकट्यासाठी ताईंशी बोलून जवळजवळ तोच वापरला.

पहिले तीन दिवस पालक मुलासोबत साधारण तासभर आत बसतात आणि दोघं एकत्रच घरी जातात. या तीन दिवसांत मुलाला एकटं सोडायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. पालकाने एका कोपऱ्यात बसून राहायचं. मुलाला "जा, खेळ जा" म्हणून ढकलायचं नाही, स्वतः त्याच्याशी खेळायचंही नाही. जवळ आलं तर घ्यायचं. हे दिसतं तेवढं सोपं नाही. मी पहिल्या दिवशी इतर मुलांना ठोकळे रचून द्यायला लागलो आणि सगळा वर्ग माझ्याभोवती जमला. मुलाची ओळख ताईंशी व्हायला हवी होती, झाली बाकीच्यांची माझ्याशी. फोनही बाहेर काढू नका.

चौथ्या दिवशी पहिला निरोप. सांगून बाहेर पडायचं, पण इमारतीतच थांबायचं. ताईंच्या जवळ मूल काही मिनिटांत शांत झालं, तर जास्तीत जास्त अर्ध्या तासाने परत यायचं. शांत झालंच नाही, तर दोन-तीन मिनिटांतच आत बोलावून घेतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवस लांबवतात. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर पहिला निरोप मंगळवारी. दोन दिवस घरी राहून आलेल्या मुलाला सोमवार जडच जातो.

पुढे अर्धा तास, एक तास, दुपारच्या खाण्यापर्यंत, झोपेपर्यंत, असं वाढवत न्यायचं. एका दिवशी एकच गोष्ट नवी. तिथे पहिल्यांदा झोपणं ही मुलासाठी फार मोठी पायरी असते, कारण डोळे मिटायला विश्वास लागतो. पहिल्या झोपेच्या दिवशी त्याला जाग यायच्या आधी तिथे हजर राहा.

तुम्हाला सुट्टीच मिळत नसेल आणि हा क्रम जमणार नसेल, तर दोन संध्याकाळी तरी मुलाला घेऊन तिथे अर्धा-अर्धा तास बसून या. तेवढ्याचाही उपयोग होतो.

७. दारातली दोन मिनिटं

सगळ्या खटाटोपातला खरा भाग हा आहे.

घरातून वीस मिनिटं लवकर निघा. ती वीस मिनिटं दारात घालवायची नाहीत, रस्त्यात घालवायची. तुमची घाई मुलाला तुमच्या खांद्यातून कळते.

मूल चालत असेल तर चालवत न्या. कडेवर न्याल तर दारात त्याला मिठीतून सोडवावं लागतं, आणि मिठी सोडवणं म्हणजे ओढाताण आली. बोट धरून आलेल्या मुलाचं बोट सोडणं त्या मानाने सोपं. हातात त्याचं एक काम द्या. आमचा पाण्याची बाटली स्वतः नेऊन कप्प्यात ठेवायचा. दारातून आत जायला त्याच्याकडे स्वतःचं एक कारण असायचं.

मग पिशवी ठेवा, चपला काढा, ताईंना सांगायचं ते सांगून मोकळे व्हा. "रात्री दोनदा उठला, सर्दी आहे" हे निरोपाच्या आधी. निरोप घेऊन झाल्यावर तिथे उभं राहून गप्पा मारल्यात तर मुलाला वाटतं, अजून ठरलेलं दिसत नाही.

आता खाली बसा, डोळ्यांच्या पातळीवर. एक मिठी. एक वाक्य. वाक्य रोज तेच. आमचं होतं, "बाबा कामाला जातो. तू झोपून उठलास की बाबा येतो." मग त्याच्या तळव्याला माझा तळवा लावून एक टाळी. मग ताईंकडे. मग टाटा. मग मी दारातून बाहेर. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत.

वाक्यात घड्याळ नको. 'पाच वाजता' म्हणजे काय हे दीड वर्षाच्या मुलाला कळत नाही. 'झोपून उठलास की' कळतं, कारण दिवसाचा क्रम त्याला पाठ असतो. पण हे वाक्य खरं असायला हवं. झोपेनंतर दोन तासांनी येणार असाल तर "झोपलास, खाऊ खाल्लास, बाहेर खेळलास, की येतो" असं म्हणा.

ताईंनी हात पुढे करून मुलाला घ्यावं, तुम्ही द्यावं. मूल घट्ट चिकटलं असेल तर ताईंना नजरेने सांगा आणि त्यांना ठामपणे घेऊ द्या. तुम्ही एका हाताने देताय आणि दुसऱ्या हाताने कुरवाळत मागे ओढताय, असं करू नका. मी केलंय. ताई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने आणि मध्ये टाहो फोडणारी लेक.

दारात तोंडातून काय निघू द्यायचं नाही, त्यातलं बरंचसं मी स्वतः बोलून बसलो आहे.

"लगेच येतो हं." आठ तासांना लगेच म्हणायचं नाही. "जाऊ ना मी?" हा तर सापळाच आहे. मूल 'नाही' म्हणणार आणि तुम्ही तरीही जाणार, मग विचारलंत कशाला? "मोठी मुलं रडत नाहीत", "तो बघ, तो रडतोय का?" याने रडणं थांबत नाही, वर लाजेची भर पडते. खाऊचं आमिष दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी खाऊचा भाव वाढतो. आणि "रडलीस तर बाबा येणारच नाही"? हे चेष्टेतसुद्धा नको. त्याला सर्वांत जास्त भीती ज्याची आहे, तेच तुम्ही त्याच्याच माणसाच्या तोंडून वदवताय.

त्यापेक्षा जे दिसतंय ते म्हणा. "बाबा जातोय, तुला आवडलं नाही. रडू येतंय. ताई जवळ घेतील तुला." आणि निघा.

निघालात की वळू नका. 'एकदाच जाऊन बघतो' म्हणून परत आलात तर मूल शिकतं की अजून जोरात रडलं की बाबा परत येतो. उद्या ते तेवढं जोरात रडून बघेल आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. पिशवीतली वस्तू गाडीत राहिली? फोन करा, दुसऱ्या कुणाला बाहेर बोलावून द्या. मी एकदा टोपी द्यायला परत गेलो होतो. पुढचा आठवडा त्या टोपीने खाल्ला.

८. तुम्ही बाहेर पडल्यावर

खिडकीआड उभे राहू नका, मुलांना सावलीसुद्धा कळते. चार पावलं पुढे जाऊन रडायचं असेल तर रडा. मुलासमोर नको, एवढंच. तुमचा चेहरा बघूनच ते ठरवतं की ही जागा बरी आहे की नाही.

वीस मिनिटांनी फोन करा आणि नेमकं विचारा: किती वेळ रडली? कशाने थांबली? आता कुणाजवळ आहे? "ठीक आहे हो, काळजी करू नका" यातून काही कळत नाही. बहुतेक मुलं पालक नजरेआड झाल्यावर काही मिनिटांत सावरतात. पहिले दोन आठवडे मी ही मिनिटं वहीत टिपून ठेवली. २५, ३०, २०, २२, १०. रोजचा निरोप तितकाच वाईट वाटत होता, पण वहीतले आकडे उतरत होते. रडणं दारात जसंच्या तसं राहतं आणि दारामागे कमी होत जातं, हे त्या वहीशिवाय मला दिसलं नसतं.

कॅमेऱ्याची सोय असेल तर दिवसभर बघत बसू नका. आवाज नसलेलं रडणं फार भयंकर दिसतं.

९. घ्यायला जाताना

सगळे सकाळचा विचार करतात, संध्याकाळ दुर्लक्षित राहते. मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने वर्षभराच्या मुलांना आईसोबत एका अनोळखी खोलीत आणून, आईला काही मिनिटांसाठी बाहेर पाठवून निरीक्षणं केली. त्यात तिला जास्त बोलकी वाटली ती आई परत आल्यानंतरची मिनिटं. मूल तिच्याकडे झेपावतं का, तिच्याजवळ शांत होतं का, आणि पुन्हा खेळायला वळतं का. जाताना किती रडलं, याला त्या मानाने कमी वजन.

तेव्हा वेळेवर पोहोचा. पहिल्या महिन्यात दहा मिनिटं लवकर. उशीर होणारच असेल तर ताईंना फोन करून मुलाला सांगायला लावा. मुलाला शब्द कळले नाहीत तरी ताईंना तयारी करता येते.

तुम्हाला बघून मूल रडेल. दिवसभर छान खेळलेलं मूल तुम्ही दिसताच भोकाड पसरतं, तेव्हा लगेच पाळणाघरावर संशय घेऊ नका. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं आपल्या माणसापाशी सुटतं. काही मुलं उलट करतात, बघतच नाहीत, पाठ फिरवतात. माझी लेक चार दिवस माझ्याशी बोललीच नाही, थेट आईकडे. दोन्हीत एकच करायचं: खाली बसा, पिशवी बाजूला ठेवा, पाच मिनिटं तिथेच थांबा. "आला बाबा. झोपून उठलीस आणि बाबा आला." सकाळचं वाक्य पूर्ण करा.

"कुणी मारलं का? कुणी रागावलं का?" असं विचारू नका. या वयाची मुलं प्रश्नातलाच शब्द उचलून 'हो' म्हणतात आणि तुमची झोप उडते. घरी गेल्यावर पहिली वीस मिनिटं फोन लांब, मूल जवळ.

१०. सगळं जमलं असं वाटतं तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा रडणं सुरू होतं. पहिले काही दिवस नवलाईत जातात, मग मुलाच्या लक्षात येतं की हे आता रोजचंच आहे. सर्दी-तापाने चार दिवस घरी राहिल्यावर, सुट्टीनंतर, ओळखीच्या ताई रजेवर गेल्या की असंच होतं. पहिल्या वर्षी आजारपणं वारंवार येतात, त्यामुळे हे चक्रही वारंवार येईल. अशा वेळी दोन पायऱ्या मागे जा, दोन दिवस लवकर घ्यायला जा, वाक्य आणि टाळी तीच ठेवा. 'थोडे दिवस पाठवूच नये' हा विचार येईल. आजारपण वगळता, मध्येच पाठवणं बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

रात्री जास्त वेळा उठणं, बारीकसारीक कारणाने चिडणं, पुन्हा लहान बाळासारखं वागणं हेही काही आठवडे चालतं.

सोडणारं माणूस बदलून बघा. आमच्याकडे बायको सोडायला गेली की रडणं दुप्पट व्हायचं, मी गेलो की निम्मं. कुठे उलटं असेल. त्यात मान-अपमान मानू नका, ज्याच्याकडून सोपं जातं त्याने महिनाभर सोडावं. दुसऱ्याला पाठवायचं झालं तर तेच वाक्य आणि तीच टाळी त्यालाही शिकवून ठेवा.

११. थांबून विचार कधी करायचा

चार आठवडे नियमित पाठवूनही मिनिटांत काहीच फरक नाही. तुम्ही गेल्यावरही दिवसाचा मोठा भाग रडण्यात जातो. तिथे खात-पीत नाही. तिथल्या एकाही मोठ्या माणसाजवळ जात नाही. येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं आहे. एका विशिष्ट माणसाला बघून आक्रसतं. अंगावर न सांगितलेल्या खुणा आहेत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी मुलाला घरी आणा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांसाठी बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि ती मिनिटांची वही सोबत न्या.

अजिबात न रडणाऱ्या मुलाकडेही बघा. अशा शांत मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा आतून तीही अस्वस्थ असल्याचं संशोधकांना आढळलं आहे. शांत मूल खेळतंय, खातंय, ताईंकडे स्वतःहून जातंय, तर ठीक. नुसतंच कोपऱ्यात बसून आहे, तर ताईंना सांगून त्याला मुद्दाम जवळ घ्यायला लावा.

आणि महिन्यातून एकदा, न कळवता, भलत्याच वेळी पाळणाघरात डोकावून या. त्या वेळी मूल तुम्हाला बघणार नाही अशी काळजी घ्या. दिसलातच, तर त्या दिवशी त्याला सोबत घेऊनच घरी जा.